ड्रीख, स्मर, थ्रॉन, स्कनर: स्कॉट्स भाषेतले शब्द (इथे जमवूया)

टेकाठची
स्कॉटलंडमध्ये इंग्रजी आणि गेलिक सोडून तिसरी एक भाषा आहे, स्कॉट्स, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गेलिक केल्टिक घराण्यातली, आयरिशच्या जवळची, डोंगराळ भागात आणि पश्चिमेच्या बेटांवर टिकलेली. स्कॉट्स वेगळी, ती इंग्रजीच्याच घराण्यातली पण वेगळी वाढलेली भाषा, आणि ती सखल भागात, बॉर्डर्सपासून (इंग्लंडच्या सीमेलगतचा भाग) पार ईशान्येच्या अ‍ॅबर्डीनपर्यंत आणि वर ऑर्कनी-शेटलंड बेटांवर बोलतात. मी पूर्व किनाऱ्यावरच्या डंडी शहरात राहते, बसमध्ये, दुकानात, शाळेच्या गेटवर रोज कानावर पडते, आणि बोलणारी माणसं स्वतःच म्हणतात की अगं आम्ही स्लँग बोलतो, नीट इंग्रजी बोलत नाही. हे मला खरंच लागतं. म्हणून हा धागा.

सुरुवात हवामानापासून, कारण तिथे ही भाषा सगळ्यात श्रीमंत आहे. ड्रीख म्हणजे दिवसभर मळभ, ओल, गारठा, उजेड असून नसल्यासारखा, आणि हे संपणार कधी असं वाटायला लावणारं. मूळ अर्थ लांबलचक, कंटाळवाणं असा आहे, म्हणून चर्चमधलं रटाळ प्रवचनसुद्धा ड्रीख असतं. स्मर म्हणजे इतका बारीक पाऊस की पडताना दिसत नाही पण केस ओले होतात, आपली भुरभुर. हार म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं, फक्त पूर्व किनाऱ्यावर, उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून आली की ते तयार होतं, त्यामुळे उन्हाळ्यात आत पंधरा-वीस मैलांवर लख्ख ऊन आणि आमच्याकडे समोरचा पूल गायब. ड्रूकिट म्हणजे चिंब भिजलेला. आणि यौ-ट्रमल, म्हणजे मेंढीची थरथर. लोकर कातरून झाली की जुलैमध्ये एखादी थंडीची लाट येते आणि बिचाऱ्या नुकत्या भादरलेल्या मेंढ्या कुडकुडतात, त्या थंडीला हे नाव.

२०१५ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने स्कॉट्सचा थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) ऑनलाइन आणायला सुरुवात केली तेव्हा बर्फासाठी ४२१ शब्द आणि शब्दप्रयोग निघाले. फीफल म्हणजे कोपऱ्यावर भोवरा करत फिरणारा बर्फ. फ्लिंड्रिकिन म्हणजे उगाच चार कण पडून थांबलेला. अनब्रॅक म्हणजे बर्फ वितळायला लागण्याची सुरुवात. स्केल्फ म्हणजे मोठा हिमकण, पण रोजच्या बोलण्यात स्केल्फ म्हणजे बोटात घुसलेलं लाकडाचं कुसळ.

तुम्हाला माहीत असलेले शब्द टाका.

घाटमाथ्यावरचा
धागा आवडला ताई. पण एक शंका, हे इंग्रजीच नाहीये का, वेगळ्या हेलात? हाउसचं हूस, डाउनचं डून, नाइटचं निख्त. थोडं कान देऊन ऐकलं तर समजतं. उद्या प्रत्येक जिल्ह्याची भाषा वेगळी म्हणायची का.

टेकाठची
@घाटमाथ्यावरचा तुम्ही दिलेली उदाहरणंच घेऊ. हूस, मूस, डून, ब्रून, नू, हे इंग्रजी शब्द बिघडवून झालेले नाहीत. सातशे वर्षांपूर्वी लंडनचा माणूससुद्धा हूसच म्हणत होता. पुढे दक्षिणेत स्वर सरकले, ऊ चा आऊ झाला, उत्तरेत ते झालं नाही. म्हणजे इथे बदललेली आहे ती इंग्रजी.

निख्तचं तर आणखी मस्त आहे. इंग्रजीत नाइट लिहिताना मध्ये जी आणि एच येतात, शाळेत आपण ते नुसते पाठ केले, कशाला आहेत कोणी सांगितलं नाही. ती दोन अक्षरं एकेकाळी घशातून उच्चारली जायची, तोच तो ख. इंग्रजीने उच्चार टाकला आणि अक्षरं ठेवली, स्कॉट्सने उच्चार ठेवला. निख्त, ब्रिख्त, रिख्त, डॉख्टर (मुलगी). इथे लोक गमतीने म्हणून दाखवतात, ब्रॉ ब्रिख्त मूनलिख्त निख्त, सुंदर लख्ख चांदणी रात्र.

आणि भाषा की बोली हा प्रश्न इतिहासाचा आहे. १३७५ च्या सुमाराला जॉन बार्बरने राजा रॉबर्ट ब्रूसवर या भाषेत महाकाव्य लिहिलं. १५१३ मध्ये गॅविन डग्लसने रोमन कवी व्हर्जिलचं आख्खं महाकाव्य लॅटिनमधून आणलं आणि स्पष्ट लिहिलं की माझी भाषा स्कॉटिस, दक्षिणेची इंग्लिश नव्हे. दरबार, संसद, कोर्ट, कर, पत्रव्यवहार सगळं यात चालायचं. मग १५६० ची धर्मसुधारणा आली आणि बायबल मात्र इंग्रजीत आलं, म्हणजे देव घरात इंग्रजी बोलायला लागला. १६०३ ला राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि लंडनला गेला, दरबार आणि कवी त्याच्याबरोबर गेले. १७०७ ला संसदही गेली. उरली ती घरात, शेतात, बाजारात.

त्यानंतर लाज सुरू झाली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने स्वतःच्या लिखाणातून वगळायच्या स्कॉटिश शब्दांची यादी केली, १७५२ मध्ये ती छापलीसुद्धा. १७६१ मध्ये एडिंबरोत शेरिडन नावाचा एक आयरिश नट इंग्रजी उच्चारांवर व्याख्यानं देत होता आणि शहरातले मोठमोठे लोक पैसे भरून जाऊन बसत होते! १९४६ च्या एका सरकारी शिक्षण अहवालात तर ही भाषा शिक्षणाचं किंवा संस्कृतीचं माध्यम व्हायला लायकच नाही असं लिहिलंय. एवढं झाल्यावर बोलणारा माणूस स्वतःच्या भाषेला स्लँगच म्हणणार ना.

बांद्याचो
+१. ताई, हे वाचून कोकणीचा वाद आठवला. मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर कित्येक वर्षं भांडण, १९७५ ला साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९९२ ला आठव्या अनुसूचीत गेली. आमच्या घरी मालवणी, शाळेत बोललो की मास्तर म्हणायचे नीट बोल. त्यामुळे त्या डंडीच्या माणसाला काय वाटत असेल ते बरोबर कळतंय.
स्कॉट्सला अशी मान्यता आहे का?

टेकाठची
@बांद्याचो आहे. २००१ मध्ये ब्रिटनने युरोपच्या अल्पसंख्य भाषांच्या सनदेला मंजुरी दिली तेव्हा तिचं नाव आलं, आणि २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा दिला. म्हणजे अगदी आत्ता.

अ‍ॅबर्डीनकर_काका
फारच छान धागा. मी तेलाच्या कामाच्या निमित्ताने इकडे आलो आणि इथलाच झालो. आमच्या ईशान्य भागातल्या स्कॉट्सला डोरिक म्हणतात. इथली खूण म्हणजे व्ह चा फ. व्हॉट म्हणजे फिट, व्हेअर म्हणजे फार, हू म्हणजे फा, हाऊ म्हणजे फू. कोणी भेटलं की फिट लाइक? म्हणजे काय, कसं काय. उत्तर नी बॅड, फूज यरसेल? बरं चाललंय, तुझं कसं. जुनी माणसं फूज यर डूज? विचारतात, शब्दशः तुझी कबुतरं कशी आहेत, आणि त्याचं ठरलेलं उत्तर आय पेकिन, टिपतायत दाणे अजून. घरी एकसुद्धा कबूतर नसलेला माणूस हे उत्तर देतो.

बुटाच्या दुकानातलं एक वाक्य इथे प्रत्येक पोराला पाठ असतं: फिट फिट फिट्स फिट फिट? कुठला पाय कुठल्या बुटात बसतो. व्याकरण एकदम चोख आहे, पाय म्हणजे पण फिट आणि कुठला म्हणजे पण फिट.

मुलगी म्हणजे क्वाइन, मुलगा म्हणजे लून. सत्तरीच्या बाईलासुद्धा क्वाइन म्हणतात आणि तिला ते आवडतं. मळलेलं, चिखलाने बरबटलेलं ते क्लार्टी. शेतावरच्या जुन्या माणसांकडे तर खजिना आहे, मी लिहून घेत असतो, पण ती माणसं कमी होत चाललीयत आणि नातवंडांना अर्धेच शब्द येतात, याचं वाईट वाटतं.

ग्लासगोवाली
पश्चिमेकडून हजेरी! तुमच्याकडे मूल म्हणजे बेर्न, आमच्याकडे वेन, वी आणि एन जोडून, छोटं ते एक. ही सीमारेषा खरंच आहे, बेर्न म्हणणारा पूर्वेचा, वेन म्हणणारा पश्चिमेचा.

आमच्याकडचं गॅलस: मूळ अर्थ फासावर जायच्या लायकीचा. आता ग्लासगोत ते कौतुक आहे, बिनधास्त, तोऱ्यात चालणारा, कोणाला न घाबरणारा. मेसेजेस म्हणजे किराणा, ॲम अवे फर द मेसेजेस म्हटलं तर ती बाई फोन बघायला नाही, दूध-ब्रेड आणायला चाललीय. पीस म्हणजे सँडविच, जीली पीस म्हणजे जॅम लावलेलं. जुन्या चाळींमध्ये आया खिडकीतून खाली अंगणात खेळणाऱ्या पोरांना पीस फेकायच्या आणि उंच टॉवर बांधल्यावर ते जमेना, यावर लोकगीत झालंय.

माझा आवडता वाक्प्रचार, यर जॅकेट्स ऑन अ शूगली पेग. शूगली म्हणजे डुगडुगणारा, तुझा कोट डुगडुगत्या खुंटीवर आहे, म्हणजे नोकरी धोक्यात आहे. फुटबॉल टीम हरायला लागली की मॅनेजरबद्दल पेपरवाले हमखास हेच छापतात.

आणि नवीन येणाऱ्या आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. हाऊ म्हणजे इथे ‘का’, ‘कशासाठी’. हाऊ नो? म्हणजे का नाही? कसं नाही असं समजून उत्तर दिलं तर गडबड होते. डूट, म्हणजे डाउट, पण ॲ डूट इटल रेन म्हणजे पाऊस पडेलसं वाटतंय, पडणार नाही असं नाही. आपण मराठीत मला डाउट आहे तो उशीर करणार म्हणतो ना, अगदी तसंच, त्यामुळे आपल्याला हे इंग्लंडवाल्यांपेक्षा लवकर कळतं. तसंच व्हेअर डू यू स्टे? म्हणजे राहता कुठे. पुण्या-मुंबईत आपण हेच विचारतो आणि इंग्लंडमध्ये लोक त्याचा अर्थ कुठल्या हॉटेलात उतरलात असा घेतात. इथे कोणी दचकत नाही.

शब्दवेडा
शब्द कुठून आले यात मला रस, म्हणून थोडं लिहितो, लांबेल.

नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचा थर खूप आहे. कर्क (चर्च), किस्ट (पेटी), बर्क (बर्चचं झाड), ब्रीक्स (पँट), यात दक्षिणेच्या च चा क दिसतो. फ्लिट म्हणजे घर बदलणं. बिग म्हणजे बांधणं, घर बिग करणे. ग्रीट म्हणजे रडणं (हा मात्र जुन्या इंग्रजीतला), त्यामुळे द बेर्न्स ग्रीटिन म्हणजे बाळ रडतंय, नमस्कार करत नाहीये. रस्त्याला गेट, म्हणून ग्लासगोतलं गॅलोगेट किंवा डंडीतलं मरीगेट यांत वेस किंवा दरवाजा शोधू नका.

फ्रेंच थर जुन्या मैत्रीतून आला. १२९५ पासून १५६० पर्यंत स्कॉटलंड आणि फ्रान्स इंग्लंडविरुद्ध एकत्र होते, त्याला ऑल्ड अलायन्स म्हणतात. अ‍ॅशेट म्हणजे मोठी थाळी, फ्रेंच आसिएतवरून. फॅश म्हणजे त्रास, फ्रेंच फाशेवरून, आणि डिना फॅश यरसेल म्हणजे जिवाला त्रास करून घेऊ नकोस, हे कोणीही तुम्हाला पहिल्या आठवड्यात म्हणेलच.

उलट दिशेनेही गेलंय. ग्लॅमर हा शब्द स्कॉट्सने दिला आणि तो ग्रॅमरपासून निघालाय! ग्रॅमर म्हणजे विद्या, सामान्य माणसाच्या दृष्टीने विद्या म्हणजे मंत्र-तंत्र, म्हणून ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर टाकलेली भुरळ. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने तो पुस्तकांतून जगभर नेला, रेड (धाड) पण त्यानेच. ब्लॅकमेल बॉर्डर्सचा, तिकडचे लुटारू गावकऱ्यांकडून संरक्षणाचा हप्ता घ्यायचे, मेल म्हणजे खंड किंवा भाडं. आणि गोल्फचा जुना उल्लेख १४५७ च्या स्कॉटिश कायद्यात आहे, पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉल खेळतात म्हणून दोन्हींवर बंदी घातली होती.

आपल्याकडूनही एक गेलाय. पगल्ड म्हणजे पार दमलेला, डोकं चालेनासं झालेला. हा हिंदीतल्या पागलवरून, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैनिकांच्या बोलण्यातून तिकडे पोचला. आता ग्लासगोतली आजी जिना चढून आली की ॲम पगल्ड म्हणते.

जुनी_माहीमकर
कर्क वाचून लगेच आठवलं, फोर्टात लायन गेटसमोर सेंट अँड्र्यूज चर्च आहे ना, १८१९ सालचं, त्याला स्कॉच कर्क म्हणायचे. आमच्या माहीमच्या शाळेच्या नावातच स्कॉटिश आहे आणि गिरगाव चौपाटीजवळचं कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सनही स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागातल्या लॉडरचे. शाळेत इतकी वर्षं गेली पण स्कॉटलंडची स्वतःची भाषा आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, आज कळलं. खूप आभार.

ते ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता म्हणतात ते गाणं याच भाषेतलं का?

टेकाठची
@जुनी_माहीमकर हो! ऑल्ड लँग साइन. शब्दशः जुनं लांब मागचं, म्हणजे फार पूर्वीचे ते दिवस. कवी रॉबर्ट बर्न्सने १७८८ मध्ये एका संग्रहासाठी पाठवलं आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलंय असं सांगितलं. जगभर लोक झाइन म्हणतात, ते साइन आहे, स ने. चालीवर रवींद्रनाथांनी बंगालीत गाणं केलंय ते अनेकांनी ऐकलं असेल. आणि ३१ डिसेंबरला इथे हॉगमने म्हणतात.

बर्न्सबद्दल एक सांगायलाच हवं. १७८६ मध्ये किलमार्नकला त्याचं पहिलं पुस्तक छापलं तेव्हा एडिंबरोचे विद्वान स्वतःच्या बोलण्यातून एकेक स्कॉट्स शब्द खुडून काढत होते, आणि हा एअरशरचा शेतकरी नांगराने उंदराचं बीळ मोडलं म्हणून त्या उंदराशी स्कॉट्समध्ये बोलत होता. आजही २५ जानेवारीला त्याच्या नावाने जेवणं होतात, हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा पदार्थ), नीप्स (एक प्रकारचा सलगम) आणि टॅटीज (बटाटे). पण मला इथे एक गोष्ट खटकते. वर्षातून एक रात्र सगळे या भाषेत कविता म्हणतात, टाळ्या वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोरगं आय केन म्हणालं की त्याला आय नो म्हण असं सांगितलं जातं. हे आता बदलतंय, पण अजून पूर्ण नाही.

घाटमाथ्यावरचा
ताई, स्वरांचा आणि ख चा मुद्दा पटला. अजून स्वभावावरचे शब्द द्या ना, ते कुठल्याही भाषेत सगळ्यात मजेशीर असतात.

टेकाठची
@घाटमाथ्यावरचा घ्या. थ्रॉन: हेकट, आडमुठा. मूळ अर्थ पिळलेला, वाऱ्याने वाकडं वाढलेलं झाडसुद्धा थ्रॉन. माणूस थ्रॉन म्हणजे तुम्ही डावीकडे ओढलं की तो उजवीकडे जाणार, आणि इथे हा थोडासा अभिमानाचाच गुण आहे. ग्लेकिट: मख्ख, तोंड उघडं ठेवून बघत बसलेला. क्रॅबिट: सतत खेकसणारा. स्लीकिट: वरून गुळगुळीत, आतून लबाड. क्लाइप: चहाडखोर, आणि चहाडी करणं हे क्रियापदही तेच. पीली-वॉली: आजारी, पांढरा फटक पडलेला.

स्कनर हा मला सगळ्यात आवडतो कारण त्यात वीट, शिसारी आणि वैताग तिन्ही आहेत. ॲम स्कनर्ड म्हणजे मला याचा पार उबग आलाय. एखाद्या पदार्थाचाही स्कनर बसतो, एकदा जास्त खाल्ला आणि मग वासही नको.

स्विदर म्हणजे जाऊ की नको असं तळ्यात-मळ्यात करणं. फँकल म्हणजे गुंता, दोऱ्याचाही आणि डोक्यातलाही. ब्लेदर म्हणजे निवांत गप्पा मारणं, आणि गप्पिष्ट माणूसही. हॉड यर व्हीश्ट, गप्प बस की. आणि आशीर्वाद द्यायचा तर लँग मे यर लम रीक: लम म्हणजे धुराडं, रीक म्हणजे धूर, तुझ्या घराचं धुराडं कायम धुरत राहो, म्हणजे चुलीला कधी जळण कमी पडू नये.

नवखा_वाचक
मला शिकायची आहे. स्कॉट्स विकिपीडिया आहे असं दिसतंय, तिथून सुरुवात करू का?

टेकाठची
@नवखा_वाचक नका करू. २०२० मध्ये उघड झालं की तिथले हजारो लेख अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलाने लिहिलेले होते, ज्याला स्कॉट्स येत नव्हती. इंग्रजी वाक्य तसंच ठेवून मधले शब्द शब्दकोशातून बदललेले. मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही हा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो. ज्यांची ती भाषा आहे त्यांना शाळेत तिचं लेखनच कधी शिकवलं नाही, मग तिथे जाऊन तपासणार कोण. नंतर स्कॉट्स बोलणाऱ्यांनी एकत्र येऊन साफसफाई सुरू केली, तरी शिकायला ती जागा नाही.

त्यापेक्षा स्कॉट्स भाषेचा मोठा ऑनलाइन कोश आहे, मोफत, दोन प्रचंड छापील कोश जोडून २००४ मध्ये उघडलेला. एकाचे दहा खंड, १९३१ ते १९७६, आणि दुसऱ्याचे बारा, तो २००२ ला पुरा झाला. प्रत्येक शब्दाखाली वापरलेली वाक्यं, साल आणि प्रदेश दिलाय. एक शब्द बघायला जाल आणि दोन तास तिथेच जातील. आणि कान तयार करा, डोळ्यांनी नाही येणार ही.

ग्लासगोवाली
इथे जनगणनेचा प्रश्नही येऊ द्या, आपल्या लोकांच्या कामाचा आहे. २०११ ला पहिल्यांदा फॉर्ममध्ये विचारलं की स्कॉट्स समजते का, बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का, आणि १५ लाखांहून जास्त लोकांनी बोलता येते म्हटलं. २०२२ ला पुन्हा १५ लाखांवर, आणि काही ना काही येतं म्हणणारे ४६ टक्के. माझ्या लेकाला डिने (करू नको), कॅने (जमत नाही), वी (छोटं), आय (हो), केन (माहीत असणं) सगळं येतं, शाळेत मैदानावर तो तेच बोलतो आणि घरी आल्यावर मराठी. फॉर्म भरताना त्याच्यासाठी स्कॉट्सवर खूण करायची का नाही यावर आमच्या घरी चर्चा झाली. मी केली.

अ‍ॅबर्डीनकर_काका
योग्य केलंत. आमच्याकडे तर नातीने आईला विचारलं, फार आर यी गान? आणि आई म्हणाली, बाजारात, येतेस का. दोघींना एकमेकींचं पूर्ण कळलं. पुढच्या वेळी फॉर्म आला की सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, समजते हा रकाना वेगळा असतो, बोलता येत नसेल तरी तो भरता येतो.

टेकाठची
काका, डोरिकचे तुम्ही लिहून घेतलेले शब्द इथे टाकाल का? अर्थ, आणि जमलं तर कुठल्या गावाकडचा ते. शेतीचे असले तर आधी ते टाका, अवजारांची आणि गुरांची नावं कोशातही सगळी नीट समजत नाहीत.